विद्येचे करारनामे

श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात पेशव्यांची दक्षिणा वाटली जाई, तेव्हा एकाच ब्राह्मणाने दोनदा हात पुढे करू नये म्हणून जमलेल्या सर्वांना आधी आवारात घ्यावयाचे, दरवाजे लावून घ्यावयाचे, आणि मग एकेकास बाहेर सोडताना त्याच्या पदरात रक्कम घालावयाची, अशी रीत होती. ही हकीकत सांगताना आपण पेशव्यांच्या औदार्याची स्तुती किंवा त्यांच्या पक्षपाताची निंदा, ज्याच्या त्याच्या कलाप्रमाणे, करून मोकळे होतो. परंतु खजिन्यातून विद्येच्या नावे पैसा बाहेर पडू लागला की त्याच्या मागोमाग दरवाजा आणि दरवाजावरचा कारकून हे दोघेही हजर होतात, ही गोष्ट मला या वर्णनात सर्वांत आधुनिक वाटते. आज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर आधार क्रमांकाशी जोडलेले बँकखाते दाखविल्याखेरीज विद्यार्थ्याचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि दुसऱ्या कोणत्या योजनेचा लाभ घेत नसल्याची हमी त्याला द्यावी लागते. रमण्याची भिंत तेवढी आता डोळ्यांना दिसत नाही.

ही दक्षिणा मुळात पेशव्यांची नव्हे. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी ती चालू केली; १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर बाजीरावाने ती पुण्यास आपल्याकडे घेतली, आणि पुढे तिचा व्याप वाढतच गेला. शास्त्र्यांची परीक्षा घेऊन त्यांना अधिक रक्कम आणि शालजोडी देण्याची प्रथा होती, तेव्हा गुणांची पारख अगदीच नव्हती असे म्हणता येणार नाही. पण ज्या परीक्षेच्या उंबरठ्यावरच जन्माची चौकी बसलेली आहे, तिला, आतले प्रश्न कितीही बिकट असोत, स्पर्धा म्हणणे कठीण आहे. १८१८ साली राज्य गेले, तरी दक्षिणा गेली नाही. इंग्रजांचा अधिकारी एल्फिन्स्टन हा सावध मनुष्य. जित लोकांच्या विद्वद्वर्गाला एका फटक्यात दुखवू नये हे ओळखून त्याने रकमेला कात्री लावली, आणि तिच्यातला काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत विद्येचे हिंदू कॉलेज उभे राहिले. १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी, हा पैसा नुसता वाटण्याऐवजी मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्चावा, असा अर्ज सरकारात केला तेव्हा पुण्यातील शास्त्रीमंडळींनी केवढा गहजब केला आणि जोतीराव फुल्यांनी अर्जदारांना कसा पाठिंबा दिला, हे सर्वश्रुत आहे. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. मुंबई विद्यापीठ निघाल्यावर त्याच निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले त्यांपैकी महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते, म्हणजे आपल्या प्रबोधनाच्या एका मोठ्या हिश्शाचा खर्च दाभाड्यांच्या त्या जुन्या धर्मादायातून चालला, असे म्हणण्यास हरकत नाही.

रानड्यांची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अमलाला उणे ठरविले, तेव्हा प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी, जे सरकार तुला शिकविते त्याची निंदा करणे तुला शोभत नाही, अशा अर्थाची समज देऊन त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँटसाहेबांचे विद्यार्थ्यांवर प्रेम होते आणि रानड्यांनाही त्यांच्याविषयी आदर होता. म्हणूनच हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. द्वेष्ट्याने केलेला दंड समजून घेता येतो. परंतु रानड्यांच्या कोणत्याही कागदावर 'सरकारच्या विरुद्ध लिहू नये' हे कलम नसताना ते तेथे आहेच असे एका सज्जन आणि विद्वान गुरूला मनापासून वाटावे, यात शिष्यवृत्ती या व्यवहाराचे अर्धे मर्म आले. लिहिलेल्या अटी वाचता येतात, त्यांवर भांडता येते. न लिहिलेली अट विद्यार्थ्याला ती मोडल्यावरच समजते.

आपल्याकडे शिष्यवृत्तीची कथा म्हणजे निकालाच्या दिवसाची कथा. वर्तमानपत्रात छायाचित्र, तोंडात पेढा, आईवडिलांचे कृतार्थ डोळे, आणि 'रोज किती तास अभ्यास केलास' हा ठरीव प्रश्न. या प्रकारच्या कीर्तीचा पाया ज्या पारितोषिकांनी घातला त्यांत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे स्थान अग्रभागी आहे. मॅट्रिकला संस्कृतात सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्याची ती, आणि 'शंकरशेट स्कॉलर' हे दोन शब्द पुढे जन्मभर नावाला चिकटून राहत. १९१२ साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना मिळाली, जे त्या वर्षी मॅट्रिकलाही पहिले आले होते. कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावचा हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला, आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला, आणि म्हातारपणापर्यंत संस्कृत श्लोक रचीत राहिला. असा एक देशमुख निपजला म्हणजे देणगीचे सार्थक झाले असे म्हणावे, आणि तरीही कबूल केले पाहिजे की, पुढील पिढ्यांत संस्कृत हा 'पैकीच्या पैकी गुण देणारा विषय' म्हणून जो घाऊक घेतला जाऊ लागला त्याला परीक्षेतील अशा मानाच्या जागांचाही थोडाफार हातभार लागला आहे. बक्षीस ज्या दिशेला असते तिकडे मुलांचे पाय वळतात; त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

पण निकालाच्या दिवसाला मी दुय्यम मानतो. शिष्यवृत्तीचा खरा स्वभाव कळतो तो तिच्या करारनाम्यावरून आणि हप्त्याच्या तारखेवरून. या दृष्टीने पाहता विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या दोन तरुणांच्या कागदपत्रांची तुलना मोठी उद्बोधक आहे.

पहिला कागद १९०६ सालचा. सरदारसिंह राणा यांनी जाहीर केलेल्या आणि पंडित श्यामजी कृष्णवर्म्यांच्या हातून दिल्या जाणाऱ्या शिवाजी शिष्यवृत्तीसाठी लोकमान्य टिळकांनी फर्ग्युसनच्या ज्या पदवीधराची शिफारस केली तो विनायक दामोदर सावरकर. विदेशी कापडाच्या होळीपायी वसतिगृहातून बाहेर काढला गेलेला. श्यामजींच्या शिष्यवृत्त्यांची मुख्य अट ही की, घेणाऱ्याने सरकारी नोकरी कधीही पत्करू नये. ज्या काळात परदेशी जाऊन येण्याचे बहुतेकांच्या लेखी एकच प्रयोजन होते, ते म्हणजे परत येऊन मोठ्या हुद्द्याची खुर्ची, त्या काळात खुर्ची न घेण्याचे वचन घेऊन पैसे देणारा हा दाता निराळाच म्हटला पाहिजे. सावरकर बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले, पण ग्रेज इनने त्यांना सनद दिली नाही. तेव्हा अट पाळण्यास दात्याच्या आग्रहापेक्षा सरकारच्या रोषाचेच अधिक साहाय्य झाले.

दुसरा कागद ४ जून १९१३ चा, बडोद्याचा. आधीची हकीकत अशी की, १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांपर्यंत नेले, महिना २५ रुपयांची मदत मंजूर झाली, आणि तीवर भीमराव एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. त्यानंतर महाराजांनी काही विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे ठरविले, त्यांत त्यांची निवड झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी, असा तो करार. संस्थानाच्या बाजूने पाहिले तर यात गैर काहीच नव्हते. प्रजेच्या वसुलातून पैसा द्यावयाचा तर प्रजेला त्याचे फळ मिळाले पाहिजे, आणि सयाजीरावांएवढा हिशेबी व गुणग्राही राजा त्या वेळी दुसरा क्वचितच असेल.

या साडेअकरा पौंडांतून आंबेडकरांनी न्यूयॉर्कला काय केले हे पाहण्यासारखे आहे. पोटाला चिमटा घेऊन ते जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळीत, आणि उरलेल्यातून घरीही पैसे पाठवीत. १९१५ साली एम.ए. झाले, मे १९१६ मध्ये प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चामंडळात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध वाचला. तेथून लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासास आरंभ केला, तो मुदत सरली. एक वर्षाची वाढ मिळाली होती. पुढची मिळाली नाही, आणि १९१७ साली त्यांना प्रबंध अपुरा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची सवलत मात्र लंडन विद्यापीठाने दिली. महायुद्ध चालू होते. ग्रंथांच्या पेट्या निराळ्या बोटीने निघाल्या होत्या, ती बोट बुडविली गेली, आणि त्या नुकसानीची जी भरपाई आली तिच्यातूनच बडोद्यास रुजू होण्याचा प्रवासखर्च निघाला.

बडोद्यात पुढे जे घडले ते आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दरबारच्या कचेरीत अधिकाराची जागा होती. शिपाई मात्र कागद दुरून टाकीत. शहरात राहावयास घर मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत काही दिवस काढले, तेथे एके सकाळी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्याने बजावले. जागेसाठी मित्रांकडे केलेली खटपटही वाया गेली, आणि जगातील दोन श्रेष्ठ विद्यापीठांत शिकून आलेला हा अधिकारी सार्वजनिक बागेत बसून राहिला व रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. ज्या करारात दहा वर्षांच्या नोकरीचे कलम होते त्यात राहण्याच्या एका खोलीची तरतूद नव्हती; दरबाराला ती करता आली नाही, की करणे आपले कर्तव्य वाटले नाही, हा प्रश्न उरतोच. नंतर संस्थानाने खर्चाच्या वसुलीचा तगादाही लावला, आणि तो अखेर सोडून दिला. लंडनचा राहिलेला अभ्यास आंबेडकरांनी १९२० साली स्वतःची शिल्लक, नवल भथेना या मित्राचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर पुन्हा हाती घेतला. शाहू महाराजांनी दहा वर्षे काय, दहा दिवसही मागितले नाहीत.

तिसऱ्या प्रकारचा दाता मुंबईचा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली जो निधी काढला तो दान देत नाही, कर्ज देतो. शिकून कमवावयास लागलात की परत करा, म्हणजे ते पुढच्याला देता येईल. भावनाप्रधान लोकांना यात कोरडेपणा वाटतो. मला वाटते, घेणाऱ्याचा स्वाभिमान याइतका दुसऱ्या कोणत्याही रीतीने राखला जात नाही. निवड झाली की दात्याला तुमच्या मतांशी, नोकरीशी, परत येण्या-न येण्याशी फारसे कर्तव्य नसते. हिशेब चुकता झाला की संबंध सरळ. या निधीच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. १९४५ साली त्यावर के. आर. नारायणन लंडनला गेले, १९५७ साली जयंत नारळीकर केंब्रिजला. नारळीकरांनी 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात केंब्रिजच्या दिवसांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना पानापानावर जाणवते की, विद्यार्थ्याला पुढच्या महिन्याची विवंचना नसली म्हणजे त्याची बुद्धी केवढी मोकळी होते.

या तिन्ही वाटांना वळसा घालणारी चौथी वाट साताऱ्यात निघाली, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणून जे सांगितले त्यात निवड नाही, गुणानुक्रम नाही, पहिला आणि दुसरा नाही. हात आहेत त्याने काम करावे आणि शिकावे. शंभरांतून एक निवडण्याच्या कलेत आपण प्रवीण झालो आहोत. उरलेल्या नव्याण्णवांचे काय, असे विचारणारा भाऊरावांइतका जिद्दीचा माणूस नंतर फारसा दिसला नाही.

घेणारा जेव्हा देणाऱ्याच्या जागी बसतो तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे वर आलेल्या नावांतच आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी दलितांच्या तक्रारींचा खलिता सादर केला, त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली ती या खटपटीतून. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ मध्ये परदेश शिष्यवृत्तीही आली. इकडे शंकरशेट स्कॉलर चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, आणि आज देशभरचे संशोधक ज्या आयोगाच्या फेलोशिपची वाट पाहतात त्याची घडी त्या वर्षांत बसली.

त्या घडीचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी पुण्यातील सदाशिव पेठेच्या कोणत्याही अभ्यासिकेत डोकावावे. खुर्चीला खुर्ची लागलेली, भिंतीवर आवाज न करण्याची सूचना, आणि टेबलावर वस्तुनिष्ठ प्रश्नांचे जाडजूड संच. 'नेट निघाली, जेआरएफ थोडक्यात हुकली' हे वाक्य येथे चहाच्या टपरीवर दिवसातून अनेकदा ऐकू येते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेण्याची पद्धत १९८४ ची. १९८९ पासून तिला अध्यापनाच्या पात्रतेचीही जोड मिळाली, तीच नेट. या परीक्षेत पूर्वी निबंधवजा उत्तरांची एक पत्रिका असे. २०१२ साली तीही वस्तुनिष्ठ झाली. आता दोन पत्रिका, १५० प्रश्न, तीन तास, आणि प्रत्येकाखाली चार पर्याय. ज्या तरुणाला पुढील पाच वर्षे वाचून, विचार करून, लिहीत बसण्यासाठी राष्ट्र पैसा देणार, त्याच्याकडून त्या निवडीत एक वाक्यही लिहवून घेतले जात नाही! लाखो उत्तरपत्रिका तपासणार कोण, हे त्याचे उत्तर, आणि ते खोटे नाही. पण शेताची प्रतवारी मोजणीदाराच्या साखळीने करावी तसा हा प्रकार आहे. लांबीरुंदी अचूक निघते, जमिनीत काय पिकेल ते कळत नाही.

बरे, मोजणी तरी निर्वेध व्हावी. १८ जून २०२४ रोजी नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी नेटची परीक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी रात्री ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. प्रश्नपत्रिका फुटल्याचा जो पुरावा पुढे आला होता तो बनावट असल्याचे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात निघाले, तोवर फेरपरीक्षा ठरलेली होती. त्याच्या सहा महिने आधीची महाराष्ट्रातील गोष्ट याहून विलक्षण. बार्टी, सारथी आणि महाज्योती या तीन संस्थांच्या संशोधन फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी सामाईक चाळणी परीक्षा झाली, आणि विद्यार्थ्यांनी पत्रिका उघडून पाहिली तो ती २०१९ च्या सेट परीक्षेची जशीच्या तशी नक्कल. परीक्षा रद्द. १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली, तर काही केंद्रांवर प्रश्नपुस्तिकांना मोहोर नसल्याची तक्रार झाली आणि पुणे-नागपुरात विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. संशोधन म्हणजे नवे शोधणे, आणि संशोधक निवडण्याची पत्रिका चार वर्षांपूर्वीची: विनोदी लेखकाने ही कल्पना काढली असती तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने ती परत केली असती. त्याआधी बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील ८६१ विद्यार्थी, शासन दोनशेच जणांना फेलोशिप देऊ म्हणत असल्यामुळे, मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसले होते. त्यांतील कित्येकांच्या हातात स्वतःच्या प्रबंधाची टिपणे होती.

निवड झाल्यावर तरी मार्ग सुकर होतो असे नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० झाली, पुढच्या टप्प्यावर ४२,०००. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची सुरुवातच ७०,००० पासून होते. उलट केंद्रीय विद्यापीठांतील नेटवाचूनच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला २०१२ पासून ८,००० मिळतात ते तेवढेच आहेत, आणि राज्य विद्यापीठांत अनेकांना काहीच मिळत नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली, शेजारी शेजारी बसलेल्यांत ही तफावत असते, आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. ज्यांची रक्कम भरघोस त्यांचीही ती दरमहा येईलच असे नाही: हजेरीचा दाखला, घरभाड्याचे प्रमाणपत्र, प्रगती अहवाल, मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही, आणि यांपैकी एक कागद मागे राहिला की सहा-आठ महिन्यांची रक्कम एकदम येते. वसतिगृहात 'तुझी पडली का?' असे एकमेकांना विचारतात, त्याचा अर्थ खात्यावर पडली का, असा असतो. मधल्या काळात मेसच्या काकूंच्या वहीत उधारी वाढत जाते. अशी एक वही मला पाहावयास मिळाली. तीत नावापुढे गाव आणि गावापुढे 'जेआरएफ', 'बार्टी', 'सारथी' असे लिहिलेले होते. काकूंना कोणत्या संस्थेची रक्कम किती उशिरा येते याचा जो अंदाज होता तो कोणत्याही अहवालात मिळणार नाही. 'सर, सारथीचं पोरगं असलं तर मी दिवाळीपर्यंत विचारत नाही,' त्या म्हणाल्या.

परदेशी शिष्यवृत्त्यांत स्थिती बरोबर उलटी. तेथे चार पर्याय नाहीत. तेथे सर्व काही लिहिण्यावर आहे. लातूर जिल्ह्यातील एका मुलीने, जिची आई हंगामात ऊसतोडीला जाते, मला आपल्या उद्देशपत्राचा पहिला खर्डा दाखविला. पहिले पान दुष्काळाचे, दुसरे आईच्या कष्टांचे. आणि तिने स्वतः दोन हंगाम तोडणीच्या तळांवर राहून बायकांच्या आजारपणाची, कापलेल्या मजुरीची आणि मुकादमाच्या उचलीची जी नोंद केली होती ती अखेरच्या परिच्छेदात, तीन ओळींत, संकोचून बसलेली. तिचा खर्डा वाचणारा ज्येष्ठ विद्यार्थी 'ताई, तू काय केलंस ते आधी लिही' असे परोपरीने सांगत होता, आणि ती 'ते सांगायला कसंतरी वाटतं, दादा' म्हणून पुन्हा आईकडे वळत होती. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गुण सांगू नयेत हे ज्या घरांत बाळकडूबरोबर पाजले जाते तेथील मुलांना ही परीक्षा इंग्रजीहून कठीण जाते, आणि शहरातील इंग्रजी शाळांत वक्तृत्वाच्या सभा गाजविलेल्या मुलांना ती सोपी जाते. तेव्हा निबंधाने गुणवत्ता कळते हे म्हणणेही जपूनच करावे लागेल.

केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीकडे तिला वळता आले नाही, कारण २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक अभ्यास हे विषय त्या योजनेतून वगळले आहेत. असे विषय येथेच शिकता येतात, परदेशात कशाला, हे त्यामागचे समर्थन. ज्या योजनेचा पूर्वज बाबासाहेबांचा १९४२ चा खलिता आहे तीवर आज कोणी कोलंबियात जाऊन भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचू म्हणेल तर तो अर्ज छाननीतच बाद होईल. ग्रँटसाहेबांनी निदान निबंध वाचल्यानंतर सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. आणि विषय नियमात बसला तरी निधीचा प्रश्न असतोच: २०२५ च्या जुलैत या योजनेच्या निवडयादीत १०६ नावे होती, पत्रे प्रथम ४० जणांना गेली, आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास कळविण्यात येईल असे सांगण्यात आले.

तिने मग राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा, कचेरी पुण्यातील समाजकल्याण आयुक्तालयात. जातीचा दाखला होता. जात वैधता महाविद्यालयातच काढलेली होती. अडले ते उत्पन्नाच्या दाखल्याशी. ऊसतोडीची मजुरी उचलीने मिळते, तिची पावती नसते; तलाठ्याचा अहवाल तहसील कचेरीत गेला, तेथून सेतू केंद्रावर दाखला आला तो नावातील वेलांटी चुकलेला. १८७५ साली धोंडो केशव कर्वे मुरुडहून डोंगर उतरून-चढून पायी साताऱ्यास परीक्षेला गेले आणि वय सतरा दिसत नाही म्हणून परीक्षकांनी त्यांना परत पाठविले, ही आठवण या ठिकाणी मला अपरिहार्यपणे झाली; फरक इतकाच की, कर्व्यांना समोर बसलेला माणूस 'नाही' म्हणाला, आणि हिच्या वेलांटीला कोण नाही म्हणत होते ते शेवटपर्यंत कळले नाही.

दाखला दुरुस्त झाला, अर्ज गेला, इंग्लंडमधील विद्यापीठाचे प्रवेशपत्रही बिनशर्त आले. निवडयादी लागली तेव्हा तिचे नाव त्यात होते, पण तोपर्यंत विद्यापीठाची शुल्क भरण्याची मुदत उलटून गेलेली होती आणि व्हिसासाठी लागणारे शिष्यवृत्तीचे पत्र मिळावयाचे होते. विद्यापीठाने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्यास संमती दिली. शिष्यवृत्ती पुढे ढकलता येते की नाही याविषयी तिने लिहिलेल्या अर्जाला मी भेटलो तोवर उत्तर आले नव्हते. सध्या ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकविते, त्या मानधनाचे बिल वर्षातून दोनदा निघते. उत्तर येईपर्यंत थांबावे की पुढील वर्षाच्या जाहिरातीला नव्याने अर्ज करावा, याचा तिचा निर्णय व्हावयाचा आहे. अर्ज करावयाचा झाल्यास उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागेल, म्हणून तलाठ्याकडे ती आधीच जाऊन आली आहे.